तीनशे कोटींतलं एक अक्षर

माणसाच्या अंगात लिहिलेला मजकूर मी पहिल्यांदा वाचला तो क्ष-किरणाच्या फिल्मवर, फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून, आणि मोठ्याने. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सहा महिने शिकायला गेले होते. फिल्मवर चार उभ्या रांगा, रांगांमध्ये आडव्या काळ्या रेघा. खालून वर जायचं आणि रेघ कुठल्या रांगेत पडली त्यावरून अक्षर सांगायचं: ए, टी, जी किंवा सी. डीएनएची बाराखडी एवढीच, चार अक्षरांची. मी सांगायची, दुसरी एक मुलगी वहीत लिहायची. मग ती सांगायची, मी लिहायची. दोन्ही वह्या जुळल्या तर सर मान डोलवायचे, नाहीतर पुन्हा खिडकी. सगळा दिवस खपून दोन-तीनशे अक्षरं पदरात पडायची.

सुट्टीत सिंदीला घरी गेले तेव्हा वडिलांना हे सगळं सांगितलं. ते कापसाच्या अडतीवर कामाला होते. चिमूटभर रुई बोटांनी ओढून धागा किती लांब निघेल ते सांगायचे, त्यामुळे बारीक गोष्टींचं त्यांना फार कौतुक. माणसाचा सगळा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा असतो म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला.

"अन् तू रोज तीनशे वाचून राह्यली. मंग संपन कधी वं?"

मी तिथेच कागद घेऊन गणित मांडलं. एक कोटी दिवस. म्हणजे सत्तावीस हजार वर्षं.

"मंग सुट्ट्या घेजो नको," वडील म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

पुढे वर्ध्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि तिथेच माझे केस पांढरे झाले. आमच्या भागात सिकलसेल फार, म्हणून रक्त काढणं, नळीवर चिठ्ठी लावणं, तपासणं हे रोजचंच. मधल्या काळात फिल्म गेली आणि रंगीत यंत्र आलं. ते केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीतून डीएनए ओढायचं आणि पडद्यावर टेकड्या काढायचं: हिरवी टेकडी म्हणजे ए, लाल म्हणजे टी, काळी जी, निळी सी. मोठ्याने वाचायची गरज उरली नाही. खरं सांगते, मला त्या यंत्राचा रागच आला होता. मी रक्ताचं पाणी करून शिकलेली विद्या ते चहा होईपर्यंत करून मोकळं व्हायचं.

आणि मग ती नवी यंत्रं आली, ज्यांच्यापुढे रागसुद्धा येईना. ती एकेक ओळ वाचतच नाहीत. एकाच पोथीच्या शंभर प्रती टराटरा फाडाव्यात, सगळे तुकडे एकदम वाचावेत आणि कुठल्या तुकड्याचा शेवट कुठल्याच्या सुरुवातीशी जुळतो ते बघत पोथी पुन्हा लावावी, तसं ते काम. तुकडे कोट्यवधी, वाचायचे एकाच वेळी. यंत्राला दोनेक दिवस पुरतात, बाकीचे आठवडे नुसते रांगेत वाट बघण्यात जातात. वडिलांचे सत्तावीस हजार वर्षांचे दिवस असे कुठल्या कुठे गेले. ही यंत्रं आमच्याकडे नाहीत. ती बेंगळुरू-हैदराबादच्या कंपन्यांकडे. हंगामाआधी जाम गावच्या चौकात बियाण्यांच्या कंपन्यांचे फलक लागतात ना, तशी आता आमच्या दारात या कंपन्यांच्या माणसांची गर्दी असते. पेन देतात, कॅलेंडर देतात, बर्फाच्या पेट्या देतात. आम्ही रक्त भरायचं, पेटी रवाना करायची आणि वाट बघायची.

अशाच एका पेटीची ही गोष्ट.

मुलगी आठ वर्षांची होती, केळझरच्या अलीकडच्या एका गावातली. बाप शेतकरी, बोलायला एकदम कमी. आई मात्र धीट, चाळिशीची, ठसठशीत कुंकू लावणारी. मुलीला सतत एक हात लावून असायची, कधी वेणीला, कधी खांद्याला.

"सकाळी कुत्र्यामागं पळते, ताई," ती मला सांगत होती. "चार वाजले का पाय आत वळते. दिवाबत्तीच्या वक्ताले कडेवरच घ्या लागते. आठ वर्साची पोर, कडेवर! लोक हासतात."

दोन वर्षं हेच चाललं होतं. कुणी म्हणालं, जन्मताना मेंदूला मार बसला. कुणी मालिश सांगितली, कुणी लोखंडी पट्ट्यांचा बूट. आमच्याकडच्या डॉक्टरीण बाई वयाने लहान, माझ्या भाचीएवढ्या, पण चिवट. मेंदूला मार बसला असेल तर तो सकाळी सुट्टीवर जातो का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आईला त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला असं होतं का. आई म्हणाली, नाही. मग त्यांनी मुलीचं आणि आईबापाचं, तिघांचं रक्त पाठवायचं ठरवलं. आईबापाचं अशासाठी, की मुलीच्या मजकुरात एखादं अक्षर वेगळं दिसलं तर ते कुणाकडून आलं, की नव्यानेच झालं, ते कळावं.

फॉर्म मीच भरला. त्यात एक प्रश्न असतो की मूल या दोघांच्या पोटचंच आहे ना. विचारून मगच खूण करायची, असा नियम. आता तुम्हीच सांगा, मुलीच्या वेणीवरून हात फिरवत बसलेल्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर हे कसं विचारायचं? आमच्याकडे असं विचारणं म्हणजे शिवी. मी "आईबाप तुमीच न?" एवढंच म्हटलं. "मंग अजून कोन?" ती म्हणाली. मी खूण करून मोकळी झाले.

पाच आठवड्यांनी बेंगळुरूहून फोन आला. तिथली समुपदेशक मुलगी हिंदीत बोलत होती. आधी चांगली बातमी दिली. मुलीत एक अक्षर बदललेलं सापडलं होतं. मेंदू हातापायांना हुकूम देण्यासाठी जो पदार्थ वापरतो, तो तयार करण्याच्या कामातलं ते अक्षर. दिवसभर वापरून तो पदार्थ संपत जातो, म्हणून संध्याकाळी पाय ऐकत नाही. रात्री झोपेत थोडा भरून निघतो, म्हणून सकाळी पळते. आणि यावर औषध होतं, म्हाताऱ्या माणसांना कंपवातासाठी देतात ती साधी गोळी.

मग ती म्हणाली, "लेकिन मॅडम, सैंपल में कुछ गड़बड़ है." मुलीचं रक्त या आईशी जुळत नव्हतं. बापाशीही धड जुळत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत माझ्या हातून एका नळीची चिठ्ठी चुकलेली नाही. मी नळी भरायच्या आधी नाव लिहिते. तिला मी सुनावलं, की तुमच्याकडे पेट्यांचे डोंगर येतात, गडबड तुमच्याकडेच झाली असेल. ती पोर शांतपणे ऐकून घेत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "मॅडम, नली बदली होती तो कुछ भी नहीं मिलता. बाप से आधा मिलता है. इनसे चौथाई मिल रहा है. ये तो चाचा लगते हैं."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

त्या यंत्राने केळझर पाहिलेलं नाही. भाऊ, जाऊ, दीर, काका यातलं एकही नातं त्याला माहीत नाही. बारसं माहीत नाही, लग्न माहीत नाही. त्याच्यापुढे फक्त आकडे घातलेल्या तीन नळ्या होत्या, आणि त्यातून त्याने सांगितलं की हा बाप नव्हे, हा बापाचा भाऊ. घरातल्या माणसांनी आठ वर्षं तोंडातून काढलं नव्हतं ते त्याला दिसलं. देवळात उभं राहून जे कधी फारसं वाटलं नाही ते मला त्या दुपारी प्रयोगशाळेतल्या खुर्चीत वाटलं, आणि भीतीही वाटली.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आधी मुलीची नळी मुलीचीच होती याची खात्री करू, नाहीतर मी गोळी कशाच्या भरवशावर देऊ? तिला पुन्हा बोलावलं, रक्त काढलं आणि नेमकी तेवढीच जागा मी आमच्या जुन्या रंगीत यंत्रावर वाचली. टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्या एकेरी. आणि त्या एका जागी लाल टेकडीच्या पोटात निळी टेकडी उभी होती. एका पालकाकडून लाल, दुसऱ्याकडून ही बदललेली निळी. तीनशे कोटींमध्ये ही एक जागा, आणि हिच्यापायी एक आठ वर्षांची मुलगी संध्याकाळी कडेवर. मी पडद्यावर बोट ठेवलं आणि काढवेना.

म्हणजे नळी बरोबर होती. म्हणजे चौथाईही बरोबर होतं.

गोळी त्याच आठवड्यात द्यायचं ठरलं. पण ती निळी टेकडी ज्या माणसाकडून आली त्यालाही हाच त्रास असू शकतो, आणि त्यालाही हीच गोळी लागू पडेल, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. विचारायला हवं होतं, आणि आईला एकटीलाच. तिच्या परवानगीशिवाय बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आमच्या बाई पश्चिम महाराष्ट्रातल्या. "तुमची बोली एक आहे, तुम्हीच बोला," म्हणाल्या. फॉर्मवरची चूक माझी होतीच, तेव्हा मी नाही कशी म्हणणार?

आई दुपारच्या एसटीने आली. प्रयोगशाळेमागच्या लहान खोलीत मी तिला बसवलं, पाणी दिलं, दार लोटलं. दोन दिवस मनात घोळवलेली वाक्यं ऐन वेळी विसरले.

"बाई, पोरगी ओटीतली हाय काय?"

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. रक्तात दिसलं."

"रक्तात असं बी दिसते?"

"अक्षरं असतात त्याच्यात. आईबापाचे लेकरात येतात."

तिने वाकून पेला जमिनीवर ठेवला. मग तिने मान वर करून मला विचारलं, "मंग तिच्यात माह्यं काहीच नाई?"

एवढ्या वर्षांत मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. मी जे खरं होतं ते सांगितलं. "हाय न. हजारातले नवशे नव्व्यान्नव अक्षरं तुमचे अन् तिचे सारखेच हायेत."

"ते तं तुमचे बी असतीन," ती म्हणाली.

शाळा चौथीपर्यंत शिकलेली बाई.

मग तिने सांगितलं. लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नव्हतं. धाकट्या जावेला दोन मुलगे झाले, तिसऱ्या खेपेला ही मुलगी. पाचवीच्या दिवशी जावेने आपण होऊन मुलगी तिच्या ओटीत घातली. दोघींची बोली झाली, की ओटीत घातलेलं आपलं म्हणायचं नाही, मुलीला कधी सांगायचं नाही. जाऊ दोन घरं सोडून राहते आणि आजवर एकदाही शब्दाला चुकलेली नाही. मुलगी तिला काकू म्हणते. सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण ओटीतल्या लेकराचं गाव कधी काढत नाही.

"म्हनून आईबाप तुमीच न म्हनलं तं मी हो म्हनलं. खोटं नाई बोलली मी."

"नाई बोलल्या," मी म्हटलं.

मला वाटलं, झालं. पण ती उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली.

"एक खोटं बोलली, ताई. जावेचा पाय बी संध्याकाळी असाच वळते. तिच्या लग्नापासून पाहून राह्यली मी. वेचणीहून येता येता बांधावर बसून जाते. लोक म्हनतात, कामचुकार हाय. पोरीचा पाय पहिल्यांदा वळला न, त्याच दिवशी मी ओयखलं."

"मंग डॉक्टरीन बाईनं इचारलं तवा सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? काकूवर गेली म्हनू? काकूवर कशी जाईन पोरगी?"

दोन वर्षं या बाईने मुलीचा पाय वळताना पाहिला, तो कुणाचा पाय आहे हे तिला माहीत होतं, आणि ते तोंडातून काढलं असतं तर मुलगी आपली राहणार नाही अशी तिला धास्ती होती. म्हणून ती रोज संध्याकाळी मुलीला कडेवर घेत होती. मला तिचा राग यायला हवा होता. तोंड सोडणं हा माझा स्वभावच आहे. पण त्या दिवशी जीभ उचललीच नाही.

जावेला औषध मिळू शकतं हे मी सांगितलं. निर्णय तुमचा, आम्ही कुणाला बोलणार नाही, हेही सांगितलं. पोरीची गोळी मात्र आजपासून चालू, ती कशावरही अडणार नाही.

"मले जराक दिवस द्या," ती म्हणाली. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ती गेली.

तीन आठवड्यांनी ती मुलीला दाखवायला घेऊन आली, मुद्दाम साडेचारनंतर. मुलगी आमच्या लांब व्हरांड्याच्या त्या टोकाला उभी होती. आईने बोट केलं आणि ती पळत सुटली. वाटेत स्ट्रेचर होतं, त्याला वळसा घालून आली. मग तिला लंगडी घालावीशी वाटली, म्हणून ती लंगडी घालत परत गेली, त्याच पायावर. डॉक्टरीण बाई हातात पेन धरून नुसत्या उभ्या होत्या. केवढीशी गोळी, तिचे पाव-पाव तुकडे, आणि एक अक्षर! ज्यांनी कुणी तशी फिल्म पहिल्यांदा वाचली, ज्यांनी टेकड्या रंगवल्या, ज्यांनी पोथ्या फाडून लावल्या, त्या सगळ्या अनोळखी माणसांना मी मनातल्या मनात दंडवत घातला. त्यांच्यातल्या एकालाही या लंगडीचा पत्ता लागणार नव्हता.

आईच्या चेहऱ्यावर मात्र मला पूर्ण आनंद दिसला नाही.

पुढच्या महिन्यात, सोमवारच्या गर्दीत, ती पुन्हा दारात उभी. एका हाताला मुलगी, दुसऱ्या हाताने धरलेली एक सडपातळ बाई, डोक्यावरचा पदर सावरत, भिंतीच्या आधाराने. नुसती नखशिखांत अवघडलेली. मला सांगायची गरज नव्हती. हनुवटी मुलीचीच होती.

"रोज सांच्याला पोरगी आंगनात उड्या मारते," आई मला म्हणाली. "अन् ही तिकडं ओट्यावर पाय चोळत पाहत बसते, खुश होऊन. मले भाकर गिळवत नाई, ताई. हिचं रक्त घ्या. पोरगी हिच्या पोटची हाय."

मी घाबरून मुलीकडे खूण केली.

"असू द्या. तिले बी समजू द्या."

जाऊ खुर्चीतून अर्धी उठली. "जाऊबाई, आपली बोली होती! असं काऊन केलं तुमी?"

"तू मले लेक देल्ली," आई म्हणाली, आणि तिचा आवाज आमच्या खोलीबाहेर गेला असेल. "अन् मी तुले तुहे पाय बी नाई देऊ काय?"

मुलगी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. रडली नाही. तिला जे विचारायचं होतं ते तिने नीट विचार करून विचारलं.

"मंग मी आता झोपू कोनापाशी?"

आईने डोळे मिटून घेतले. आठ वर्षं ती ज्याला भीत होती तो प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर द्यायचा अधिकार तिने आत्ताच सगळ्यांसमोर दुसरीच्या हाती दिला होता.

जावेने बाही वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "तुह्या माईपाशी," ती मुलीला म्हणाली आणि हनुवटीने थोरल्या जावेकडे दाखवलं. "अजून कोनापाशी?"

मी दंडाला पट्टा बांधला, कापसाने जागा पुसली. मग सुई टेबलावर ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, कारण मला शीर दिसत नव्हती.